तिसऱ्या मजल्यावरचा ओढा

४ फेब्रुवारी

संपादकांनी आज माझं सदर अर्ध्यावर आणलं. म्हणाले, वाचकांना वेळ नसतो. मी म्हणालो, मग उरलेलं अर्धंही काढून टाका, त्यांचा आणखी वाचेल. ते मनापासून हसले. माझ्या विनोदाला ते समोरासमोर नेहमीच हसतात, कात्री फक्त छापताना लावतात.

घरी आल्यापासून माझ्या खोलीत येरझारा चालू आहेत. टेबलापासून खिडकी, खिडकीपासून टेबल. लिहायला बसावं तर पहिलं वाक्य लिहितानाच वाटतं की हे अर्ध्यात मावणार नाही. बायको दारात येऊन म्हणाली, फरशी झिजेल. बावन्नाव्या वर्षी नवऱ्यापेक्षा फरशीची काळजी जास्त वाटणं स्वाभाविक असावं.

खिडकीतून मागचा ओढा दिसतो. संध्याकाळी ऊन तिरकं पडलं की थोडा वेळ तो चक्क नदीसारखा वागतो. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर त्या थोड्या वेळासाठी घेतलं होतं.

६ फेब्रुवारी

जिन्याखालच्या फळ्यावर जलविभागाची नोटीस. इमारतीमागचं पाणी म्हणजे विभागाच्या जुन्या नकाशावर नुसती एक निळी रेघ आहे. नाव नाही, जात नाही. तेव्हा ते नैसर्गिक की सांडपाण्याचं, आणि इथले लोक त्याला पूर्वापार काय म्हणतात, हे रहिवाशांनी एकमताने लेखी कळवावं. नाला ठरला तर विभाग त्यावर स्लॅब टाकून देईल आणि वरची जागा गाड्या लावायला मिळेल. ओढा ठरला तर तो उघडा राहील ‘व संबंधित नियम लागू होतील’. हे शेवटचं वाक्य वाचून मला हसू आलं. सरकारी कागदाला शेपूट असावं लागतं, त्याशिवाय तो चालत नाही.

मग सहज इमारतभर चौकशी केली. तळमजल्यावरचे नाला म्हणतात. पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर गटार म्हणतात, कारण त्यांच्या दोन गाड्या उन्हात उभ्या असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई ‘सदर प्रवाह’ म्हणतात. मी ओढा म्हणतो. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याने घर विकायला काढलंय, त्यांच्या जाहिरातीत ती नदी आहे. पाणी तेच. मजला चढला की त्याला बढती मिळते.

ताईला तेवढं विचारायचं राहिलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तळमजल्यावर एकटी राहते, पडदे शिवते. मागच्या अंगणात पत्रे टाकून तिने एक खोली काढली आहे, अगदी पाण्याच्या काठाला. खोलीत कापणीचं टेबल आहे, दोन माणसं हातपाय पसरून झोपतील एवढं. सुताराने ते तिथेच बसून बनवलं आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघणार नाही. ताई म्हणाली होती, मला तरी कुठे निघायचंय.

९ फेब्रुवारी

इमारतीचे अध्यक्ष घरी आले होते. रहिवाशांच्या वतीने मत लिहायचं काम माझ्याकडे. ‘तुम्ही लिहिता ना काहीतरी’ असं म्हणाले. ‘काहीतरी’कडे मी दुर्लक्ष केलं. कित्येक दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे शब्दमर्यादा न घालता मजकूर मागितला आहे.

दुपारभर लिहिलं. माणसं पाण्याला काय म्हणतात यापेक्षा पाण्याबद्दल बोलताना कुठलं क्रियापद वापरतात, ते बघावं. नदीला पूर येतो. ओढ्याला लोंढा येतो. नाला तुंबतो. झरा फुटतो, तळं भरतं, डबकं साचतं. डोह काहीच करत नाही, तो नुसता असतो, म्हणून त्याची भीती वाटते. ओहोळाकडे तर कुणी बघतही नाही, तो ओलांडला जातो. नदीत माणसं पोहतात, तळ्यात डुंबतात, ओढ्यात पाय सोडून बसतात. नाल्यात फक्त पडतात. सरोवराचं काय करतात ते मला ठाऊक नाही, मी ते फक्त छापलेलं पाहिलंय.

आता आमच्या पाण्याचं बघा. चार वर्षांपूर्वी ते वाढून अंगणापर्यंत आलं, तेव्हा ‘लोंढा आला’ असंच सगळे ओरडत होते. दाताचे डॉक्टरसुद्धा. संकटाच्या वेळी माणूस खोटा शब्द वापरत नाही.

शेवट असा केला आहे: ‘नाल्याला भिंती लागतात, ओढ्याला अंग पसरायला जागा लागते.’ वाक्य तीनदा मोठ्याने वाचून पाहिलं. बरं जमलंय. बायकोला ऐकवलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग विचारलं, म्हणजे किती जागा? मी म्हणालो, अगं हा अलंकार आहे.

१० फेब्रुवारी

बायको सकाळी म्हणाली, एकदा खाली जाऊन बघून या. मी म्हणालो, इथून अख्खा दिसतो, खाली गेल्यावर अर्धाच दिसेल. ती टेबलावरचा कप उचलून निघून गेली. हल्ली ती बऱ्याचदा माझं बोलणं अर्ध्यावर सोडून जाते. सदर अर्धं झाल्याचं तिलाही लागलेलं दिसतंय.

१४ फेब्रुवारी

रहिवाशांची सभा. जिन्याखाली खुर्च्या मांडून. अध्यक्षांनी आधी विषय सांगितला, मग तो कुणी बदलू नये म्हणून पुन्हा सांगितला.

डॉक्टर तयारीने आले होते. डास, वास, घुशी आणि पावसाळ्यातली साथ, सगळं एका दमात बोलून त्यांनी शेवटी गाड्यांना हळूच आत घेतलं. मी उठून डोह, झरा, ओहोळ करत क्रियापदांवर आलो आणि चार वर्षांपूर्वी ते स्वतः पायजमा वर धरून ‘लोंढा, लोंढा’ म्हणत जिना चढल्याची आठवण करून दिली. लोक हसले. डॉक्टरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचीच दाढ कुणीतरी भूल न देता काढतंय.

पण बसता बसता ते म्हणाले, “ह्याला ओढा म्हणणारं एकही माणूस तळमजल्यावर राहत नाही, हे लक्षात घ्या.”

सगळ्यांनी माना वळवून ताईकडे बघितलं. ती मागच्या रांगेत कुणाच्या तरी पडद्याला किनार घालत बसली होती. अध्यक्षांनी तिला विचारलं की तुम्ही काय म्हणता याला?

“मी काय म्हणणार?” ताई दोरा तोडत म्हणाली. “वास आला की खिडकी लावते. गेला की उघडते.”

याहून नैसर्गिक पाण्याचं वर्णन काय असू शकतं, असं मी लगेच उठून सांगितलं. टाळ्या पडल्या. वकीलबाई तेवढ्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत होत्या. त्यांना बहुधा माझं बोलणं पटलं होतं.

बहुमत ओढ्याच्या बाजूने झुकतंय. मला आज भूक लागली. गेल्या कित्येक दिवसांत लागली नव्हती.

१५ फेब्रुवारी

ताई जिन्यात भेटली. विचारत होती, छोट्या, ओढा असला तर काठापासून किती जागा सोडायला लावतात रे? मी विचारलं, कशासाठी? काही नाही, म्हणाली. बावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणायचं आणि वर त्याला तांत्रिक प्रश्न विचारायचे. पण तिने आपणहून विषय काढला याचा आनंद झाला. चळवळ तळमजल्यापर्यंत पोचली म्हणायची.

१९ फेब्रुवारी

विभागाचा मोजणीदार आला. कंटाळलेला माणूस. बूट ओले होऊ नयेत म्हणून सगळी मापं तो लांबूनच घेत होता. पाण्याच्या काठापासून इमारतीपर्यंत, मग ताईच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत. तिथे त्याने खडूने भिंतीवर एक फुली मारली आणि ही खोली कुणाची म्हणून विचारलं. माझ्या बहिणीची, मी अभिमानाने सांगितलं. त्याला चहा देऊन ओहोळ आणि ओढा यांतला फरक समजावला. तो प्रत्येक वाक्याला ‘हो का’ म्हणत होता. खात्यात अजून जिज्ञासू माणसं आहेत.

वर आलो तर बायको माझ्या खोलीच्या खिडकीचं माप घेत होती, ताईची कापडाची टेप घेऊन. आधी रुंदी, मग उंची, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं. जाळी बसवायची असणार. डासांच्या बाबतीत ती आतून डॉक्टरांच्या पक्षाची आहे, मला पहिल्यापासून संशय होता.

२६ फेब्रुवारी

मताच्या कागदावर सह्या झाल्या. चौथ्या मजल्याने आधी नदी लिहिण्याचा आग्रह धरला, मग घर विकलं जाणार असेल तर काहीही चालेल म्हणून सही केली. डॉक्टरांनी केली नाही. ताईने केली. सही करण्याआधी तिने माझा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बोट लावून, ‘अंग पसरायला जागा’पाशी थोडी थांबली. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, छान लिहितोस. मग सही केली आणि पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं.

वकीलबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, “ताईंशी नीट बोललात ना?”

मी म्हणालो, ताई माझ्याच बाजूची आहे.

“ते दिसतंय,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. वकिलांना सरळ कौतुक करता येत नाही.

२ मार्च

चैन नाही. विभागाकडून उत्तर नाही. खिडकीशी उभा राहतो, ओढा बघतो, पुन्हा टेबलाशी येतो. बायकोने माझी पुस्तकं भिंतीवरच्या फळ्यांवरून काढून बाहेरच्या खोलीत रचली आहेत. साफसफाई म्हणे. मी विचारलं, अख्खी खोली एकदम? ती म्हणाली, हो, एकदमच करावी लागते.

८ मार्च

जिंकलो.

विभागाचं पत्र आलं. सदर प्रवाह हा नैसर्गिक असून त्याची नोंद नव्या नकाशात ‘ओढा’ अशी करण्यात आली आहे. निळ्या रेघेला नाव मिळालं, आणि ते मी दिलं. नदीचं नाव कुणी ठेवलं हे कुणालाच ठाऊक नसतं. या ओढ्याचं मात्र पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल.

सदर लिहून पाठवलं. संपादकांनी कात्री न लावता घेतलं. निम्म्या जागेत अख्खा ओढा मावला.

ताईला पत्र दाखवायला तळमजल्यावर गेलो. ती टेबलावर वाकून कापत होती. पत्र बाजूला ठेव म्हणाली, कापडावर नको. मग हात पुसून वाचलं, घडी घातली, मला दिलं. आता तरी पोटभर जेव, म्हणाली. मी जेवतो की नाही याच्या बातम्या तळमजल्यावर कोण नेतं कोण जाणे.

२२ मार्च

काय लिहू?

विभागाची दुसरी नोटीस आली आहे. नैसर्गिक प्रवाहाच्या काठालगत बांधकाम ठेवता येत नाही. ताईची मागची खोली पाडायची. मुदत महिनाअखेर.

हेच ते ‘संबंधित नियम’. शेपटाला नांगी होती.

दिवसभर कुठल्याच खोलीत बसवलं नाही. जिन्याने चार वेळा खाली गेलो, चारही वेळा ताईच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्यांदा जाताना डॉक्टर भेटले. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, फार वाईट झालं. हसले असते तर बरं झालं असतं.

२३ मार्च

जलविभागात गेलो. खुर्चीवरच्या साहेबाला सांगितलं की आमचं मत आम्ही मागे घेतो. तो म्हणाला, नकाशा छापून झाला. मी म्हणालो, पत्र्याची खोली आहे हो, वीस वर्षं जुनी, एका बाईचं पोट आहे त्यावर. पाण्याला तिची कधी अडचण झाली नाही. तेव्हा त्याने आमचीच फाइल काढली आणि मला वाचून दाखवलं.

“‘ओढ्याला अंग पसरायला जागा लागते.’ हे आपणच लिहिलंय ना? वरच्या साहेबांना फार आवडलं. नोटिशीतसुद्धा घालणार होते.”

आयुष्यात पहिल्यांदा माझं एक वाक्य कुणीतरी शब्दशः अंमलात आणलं.

तिथून थेट ताईकडे. ठरवलं होतं की आधी माफी मागायची. पण तिने दार उघडल्यावर मी जे बोललो ते असं, की तू आधी का नाही बोललीस? तुला माहीत होतं?

ती म्हणाली, वकीलबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

“मग सही कशाला केलीस?”

“स्लॅब पडला असता तर डॉक्टरांच्या गाड्या माझ्या उशाशी आल्या असत्या. पाणी बरं. ते हॉर्न वाजवत नाही.” मग कात्री जागेवर ठेवत म्हणाली, “आणि तू जेवायला लागला होतास.”

याचा सदर प्रकरणाशी काय संबंध ते मला कळलं नाही. ती बोलता बोलता भलतीकडे जाते, लहानपणापासूनची सवय आहे. मी विचारलं, आता टेबलाचं काय करायचं? तोडायचं? ती टेबलाची कड हाताने पुसत राहिली. हे एक तिने आधी ठरवलेलं नसावं, किंवा ठरवलं असूनही बोलवत नसावं.

२५ मार्च

सकाळी दाढी करताना मला एक कल्पना सुचली. इतकी सोपी की इतके दिवस कुणालाच कशी सुचली नाही याचं नवल वाटलं. ताईचं टेबल माझ्या खोलीत आणायचं.

बायकोला घाबरतच सांगितलं. घर तिचंही आहे, आणि नणंद रोज वर येऊन शिवणार म्हणजे काही साधी गोष्ट नाही. ती भाजी चिरत होती. ‘छान कल्पना आहे,’ म्हणाली. एवढंच. एक प्रश्न नाही, एक शंका नाही. मी मोठ्या वादाची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली.

अडचण जिन्याची. जिना अरुंद, वळणावर टेबल अडकणार. मी म्हणालो, दोरखंडाने मागच्या बाजूने चढवायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. पण खिडकीत मावेल का? बायको म्हणाली, तिरकं धरलं तर मावेल. तिचा अंदाज असल्या बाबतीत बरा असतो.

३ एप्रिल

आज खोली पाडली.

विभागाची माणसं आली आणि पत्रे उतरवून, मागची भिंत ढकलून चहाच्या आत मोकळी झाली. एवढी वर्षं उभी असलेली गोष्ट निदान दुपारपर्यंत तरी टिकायला हवी होती. ताईने शिलाई मशीन आदल्या दिवशीच पुढच्या खोलीत घेतलं होतं. ती ओट्यावर उभी राहून बघत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो, पण मला काठाकडे बघवेना, म्हणून मी तिच्याकडे बघत होतो आणि मग तेही बघवेना.

भिंत पडल्यावर टेबल बाहेर निघालं. उघड्यावर ते आणखी मोठं दिसत होतं. त्याची एक बाजू कात्रीने चरे पडून पांढरी झाली आहे, ती आजवर कधी उजेडात आलीच नव्हती.

सुताराने माझ्या खिडकीचे लोखंडी गज काढून ठेवले होते. तो म्हणाला, बाईंनी मागच्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. म्हणजे डासांच्या जाळीसाठी तो आधीच ठरला होता, त्याच फेरीत हेही काम झालं. योगायोग असे जुळतात. दोरखंड गच्चीवरून सोडले. वर ओढायला चौघे होते, चौथे दाताचे डॉक्टर. न बोलावता बाह्या सरसावून आले आणि सगळ्यांपेक्षा जास्त सूचना त्यांनीच दिल्या. वकीलबाई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून टेबल भिंतीला घासू नये म्हणून झाडूने लोटत होत्या.

पहिल्या मजल्यापाशी टेबल गर्रकन फिरलं. ताईच्या तोंडून ‘अगं बाई’ एवढंच निघालं आणि तिने माझा दंड धरला. तिसऱ्या मजल्यावर ते तिरकं करून आत घेतलं. इतकं नेमकं बसलं की दोन्हीकडे बोटभर जागा. मी सगळ्यांना सांगत होतो, नशीब बघा, जणू कुणी मापून ठेवलं होतं. बायको आणि ताई एकमेकींकडे बघून हसल्या. दिवसभरात ताई पहिल्यांदा हसली, तेही माझ्या बोलण्यावर. बरं वाटलं.

६ एप्रिल

माझ्या खोलीत आता टेबल आणि ताईचं मशीन यांशिवाय काही मावत नाही. येरझारा घालायला जागाच उरली नाही. भिंतीला पाठ लावून एक फेरी मारता येते, पण ती मारताना ताई कापता कापता म्हणते, छोट्या, उजेड अडतोय.

१२ एप्रिल

लिहायला जागा हवी म्हणून मी ताईच्या पुढच्या खोलीत बस्तान हलवलं. तिचीच सूचना. ती सकाळी वर जाते, मी खाली येतो. जिन्यात भेट होते. ती मला तिच्या घराची किल्ली देते आणि विचारते, खाल्लंस का?

खोली दमट आहे. कागद मऊ पडतात. इतकी वर्षं ती इथे राहते आणि हे मला माहीत नव्हतं. मागच्या खिडकीसमोर पूर्वी पत्र्याची खोली होती, आता थेट पाणी. वरून ते चकाकणारं काहीतरी होतं. इथून एक चप्पल दिसते, कुणाची तरी फाटलेली पिशवी, आणि शेवाळ धरलेल्या दगडावर एका पायावर उभा असलेला बगळा. आवाज येतो. तिसऱ्या मजल्यावर आवाज कधी आला नव्हता.

१९ एप्रिल

संध्याकाळी ऊन तिरकं पडायची वेळ झाली तसा उठून अंगणात गेलो. इथून कसं दिसतं ते बघायचं होतं. इथून काही होत नाही. ऊन वरच्या काठाच्या झुडपांवर पडतं आणि पाणी आपलं सावलीत जात राहतं. मग वाटलं, वर तरी दोघी बघत असतील. मान वर करून बघितलं तर माझ्या खिडकीला जाड, दुहेरी अस्तराचा पडदा. ताईने स्वतः शिवलेला, पूर्ण ओढून घेतलेला.

खालूनच हाक मारली. पडदा एवढासा सरकला, ताईचं डोकं बाहेर आलं. मी म्हणालो, अगं आता बघ, याच वेळेला ते छान दिसतं.

“उन्हाने कापडाचा रंग जातो,” ती म्हणाली आणि पडदा सरळ केला. आतून बायकोचा आवाज आला, मग दोघींचं हसणं, मग मशीन.

डॉक्टर गाडी पुसत होते. विचारलं त्यांनी, काय म्हणतोय तुमचा ओढा? नेमका टोमणा होता की आपुलकी ते ठरवता आलं नाही. वाहतोय, म्हणालो.

आत येऊन लिहायला बसलो. सदराची मुदत उद्या. पहिलं वाक्य झालं तेवढ्यात वास आला. उठून खिडकी लावली. अर्धं पान झालं. मग उठून उघडली.